तापीचा गारा (चिखल) समुद्रात जाऊन करतो काय? खाडीच्या तळाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मागच्या हिवाळ्यात सुरतेला मावशीकडं गेलो होतो, तिथून डुमसच्या समुद्रकिनाऱ्याकडचे चिखलाचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले तर सगळे हसले. मावशी तर तोंडावरच म्हणाली, "गारा दखाले इतला लांब उना का रे भो?" (चिखल बघायला एवढ्या लांब आलास का रे भाऊ?) तेव्हापासून जो भेटतो तो काही ना काही विचारतोच, आणि प्रश्न बरेचसे तेच ते असतात, म्हणून एकदाच सगळं बसून लिहून काढलं.

आपण खान्देशातले, समुद्र तीनशे किलोमीटर लांब. तिथल्या चिखलाशी आपलं काय घेणंदेणं?

नकाशा काढा आणि तापीवरून बोट फिरवा. मुलताईला निघते, बैतूल जिल्ह्यात, आणि ७२४ किलोमीटर चालून सुरतच्या पुढं खंभातच्या आखातात समुद्राला मिळते. तिचं खोरं साधारण ६५ हजार चौरस किलोमीटरचं, त्यातला जवळपास ८० टक्के भाग आपल्या महाराष्ट्रात. पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, अनेर, पांझरा, बुराई, गोमाई, जी कुठली नदी नाव घ्याल तिचं पाणी शेवटी तिकडंच जातं. चांगदेवला पूर्णा मिळते, मुडावदला पांझरा मिळते, प्रकाशाला गोमाई मिळते, आणि प्रत्येक संगमावर पाण्याबरोबर मातीपण मिळत जाते हे आपण हात जोडताना बघत नाही.

ती माती कुठली, तर आपलीच. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा जो काळा खडक आहे तो झिजून झालेली, उन्हाळ्यात भेगा पडणारी आणि पहिल्या पावसात फुगून चपलेला किलो-किलो चिकटणारी. या फुगणाऱ्या जातीची चिकण माती खंभातच्या आखातापासून खाली कोकणापर्यंत समुद्राच्या तळाशी सापडते, आणि अभ्यासक तिच्यावरून ओळखतात की ही दख्खनची, नर्मदा-तापीनं आणलेली. म्हणजे आपलं वावर थोडं थोडं करून समुद्राखाली जाऊन बसलंय, सातबारा मात्र इथंच आहे.

खाडीमुख म्हणजे नेमकं काय? नदी संपली की समुद्र सुरू, मध्ये काय असतं?

मध्ये बरंच असतं. नदीचं गोडं पाणी आणि भरतीचं खारं पाणी जिथं एकमेकात शिरतं तो सगळा पट्टा. भरतीला खारं पाणी नदीत वर चढतं, ओहोटीला मागं जातं, दिवसातून दोनदा, वर्षभर. खंभातच्या आखातात तर हा खेळ फार मोठा, भावनगरच्या बाजूला भरती-ओहोटीच्या पातळीत दहा-दहा मीटरचा फरक पडतो, तीन मजली घराएवढा. सुरतेला तेवढा नसतो पण आपल्यासारख्या नदीकाठच्या माणसाला बघून धडकी भरेल एवढा असतोच.

माती सरळ खोल समुद्रात का जात नाही? मुखाशीच का बसते?

पावसाळ्यात गढूळ पाण्यात आई तुरटी फिरवायची, आठवतं? थोड्या वेळात गाळ खाली आणि पाणी नितळ. तसंच समजा. चिकण मातीचे कण इतके बारीक असतात की मिलिमीटरचे पाचशे भाग केले तरी त्यातल्या एका भागापेक्षा लहान, आणि सगळ्यांवर एकाच जातीचा विद्युतभार, म्हणून ते एकमेकांना ढकलत पाण्यात तरंगत राहतात, खाली बसतच नाहीत. खारं पाणी लागलं की त्यातल्या मिठामुळं हे ढकलणं कमी होतं, कण एकमेकाला चिकटतात, त्यांचे गोळे होतात, गोळा जड झाला की खाली. जाड वाळू तर त्याच्या आधीच बसलेली असते कारण प्रवाह मंदावला की पहिली तीच सुटते. त्यात भरती येऊन बसलेला गाळ परत वर उचलते, थोडा आत ढकलते, ओहोटी थोडा बाहेर ओढते. त्यामुळं तिथला तळ म्हणजे कायम उस्तवार चाललेलं घर आहे.

चिखलाला सडक्या अंड्यांचा वास येतो. म्हणजे तो घाण झालाय ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि मीपण तिथं पोचलो तेव्हा नाकाला रुमालच लावला होता. ओहोटी होती, मावसभाऊ म्हणाला पुढं जाऊ नको, मी दोन पावलं गेलोच आणि पाय घोट्याच्या वरपर्यंत आत. ओढला तर पाय आला, चप्पल राहिली. हात घालून चप्पल काढली तेव्हा नीट दिसलं की वरचा थर तपकिरी, नखाएवढा पातळ, आणि त्याच्या खाली एकदम डांबरासारखं काळं, आणि वास त्या काळ्यातून येत होता.

कारण असं की प्राणवायू फक्त वरच्या काही मिलिमीटरपर्यंत पोचतो. त्याच्या खाली श्वास घ्यायला हवा नाही, पण खायला भरपूर आहे, कुजलेला पाला, मेलेले जीव, नदीनं आणलेला काडीकचरा. मग तिथले जिवाणू प्राणवायूच्या जागी समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो, तोच अंड्याचा वास. हा वायू मातीतल्या लोखंडाशी मिळाला की काळा रंग येतो, आणि आपल्या काळ्या खडकाच्या मातीत लोखंडाला काय तोटा. म्हणजे वास आणि काळेपणा दोन्ही त्या चिखलाचा धर्मच आहे. आता शहराचं गटार आणि कारखान्याचं पाणी त्यात सोडलं तर प्राणवायूचा तपकिरी थरच नाहीसा होतो, काळं थेट वर येतं, ते मात्र आजारी चिखलाचं लक्षण. तेव्हा वासापेक्षा वरचा तपकिरी थर आहे का नाही ते बघायचं.

पण त्यात राहतं कोण? वरून तर काहीच दिसत नाही.

ओहोटीला वाकून बघितलं की भोकं दिसतात. बॉलपेनच्या रिफिलएवढी, बोटाएवढी, काही मुठीएवढी. प्रत्येक भोक म्हणजे कोणाचं तरी दार. किडे-अळ्यांसारखे लांबट जलकृमी, खेकडे, बिळं करणाऱ्या कोळंब्या, शिंपले, गोगलगायी. वरती चिखलावर फुदकणारे निवटे, गुजरातेत त्यांना लेवटा म्हणतात, मासा असून पाण्याबाहेर पंखांवर चालतो आणि चिखलात बीळ करून राहतो. पहिल्यांदा बघितला तर बेडूकच वाटतो.

हे झाले दिसणारे. न दिसणारे खरे मालक. सूत्रकृमी, म्हणजे केसाहून बारीक अळ्या, खाडीच्या एक चौरस मीटर चिखलात दहा लाखांच्या वर सहज असतात. एक चौरस मीटर म्हणजे आपण जेवायला बसतो त्या सतरंजीचा एक कोपरा. आणि जिवाणू तर मोजायलाच नको. मात्र एक गंमत आहे, खाडीत जाती कमी असतात आणि संख्या प्रचंड. कधी गोडं पाणी कधी खारं, कधी पाणी कधी कडक ऊन, हे सगळं सोसणारे थोडेच, पण जे सोसतात त्यांना मग खाण्याची चंगळ.

अळ्या आणि खेकड्यांनी बिळं केली तर त्यात पर्यावरणाचं काय भलं झालं?

शेतकऱ्यानं तरी हा प्रश्न विचारू नये! आपण वखर का फिरवतो, गांडूळ असलेलं वावर चांगलं का म्हणतो? तेच. बीळ केलं की प्राणवायू आत खोलवर जातो, बिळाच्या भिंतीवर तपकिरी थर तयार होतो, खालचं वर येतं, वरचं खाली जातं. एक पातळ पापुद्रा होता त्याचे हजारो खोल नळकांडे झाले, म्हणजे काम करणारी जागा कितीतरी पटीनं वाढली. हे जीव काढून घ्या आणि तळ नुसता बंद पडलेल्या टाकीसारखा होईल. माझ्या मते सगळ्या विषयातली ही गोष्ट सगळ्यात मोठी आहे, बाकीचे फायदे याच्याच पाठीमागून येतात.

ओल्या चिखलावर सोनेरी-तपकिरी चकाकी दिसते ते तेल असतं का?

बहुतेक वेळा नाही. ते डायटम, काचेसारखं कवच असलेलं एकपेशी शेवाळ. दिवसा ओहोटीला पाणी गेलं की वर सरकतात, ऊन खातात, भरती यायच्या सुमारास परत चिखलात. अंगातून चिकट पदार्थ सोडतात, त्यानं मातीचे कण धरून राहतात, घर सारवल्यावर धूळ बसते तसं काहीसं. त्यामुळं लाट आली तरी तळ लगेच उठत नाही, पाणी कमी गढूळ होतं. आणि निवटे, गोगलगायी, छोटे खेकडे सगळे हीच साय चाटून जगतात. (बंदराजवळ इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले तर ते बहुतेक तेलच.)

रावेर-यावलच्या केळीला टाकलेल्या युरियाचा याच्याशी काय संबंध?

फार जवळचा. केळीला आपण किती खत टाकतो ते आपल्यालाच माहीत, पिकानं घेतलं ते घेतलं, राहिलेलं नायट्रेट होऊन पाण्याबरोबर नाल्यात, नाल्यातून तापीत. शहरांचं सांडपाणी वेगळं. हे सगळं समुद्रात तसंच गेलं तर शेवाळ माजतं, ते मेलं की कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं, मासे मरतात.

खाडीचा तळ इथं मध्ये उभा राहतो. वर जो बिनहवेचा काळा थर सांगितला, त्यातले जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू काढून वापरतात आणि उरलेला नायट्रोजन वायूच्या रूपात हवेत सोडतात, जो हवेत आधीच ७८ टक्के आहे, म्हणजे निरुपद्रवी. अमोनियाचं नायट्रेट व्हायला प्राणवायू लागतो आणि नायट्रेटचा वायू व्हायला प्राणवायू नको, म्हणून दोन्ही थर एकमेकाला चिकटून पाहिजेत, आणि ते चिकटवून देतात त्या बिळवाल्या अळ्या. फुकटात चाललेला शुद्धीकरण प्लांट आहे हा. अर्थात त्यालाही मर्यादा आहे, आपण ओतच राहिलो तर तोही तुंबतो.

आम्हाला सुकट-बोंबील आवडतो, पण चिखलाचं बोलून भूक का घालवता?

सुकटची भूक चिखलावरच चालते म्हणून! आठवडे बाजारात ती जी सुकी मासळीवाली बाई पोतं उघडून बसते, त्यातला जवळा (वाळला की तोच सुकट) हा गढूळ, चिखलट किनाऱ्याच्या पाण्यातला जीव, प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव आणि तळावरून उठलेला कुजका चुरा खाऊन वाढतो. बोंबील तो जवळा खातो. खंभातच्या आखाताच्या तोंडाशी जाफराबाद, नवाबंदर भागात बोंबील वाळत घालायचं काम फार मोठं आहे, आणि ते तिथंच असणं हा योगायोग नाही, गाळ आणि गढूळ पाणी तिथं आहे म्हणून.

मोठ्या कोळंबीचं पण ऐका. ती अंडी घालते समुद्रात, पण पिल्लं भरतीबरोबर खाडीत शिरतात आणि काही महिने तिथल्या चिखलात लपून खाऊन-पिऊन मोठी झाली की परत समुद्रात. खाडी म्हणजे त्यांची आजीच्या घरची सुट्टी. खाडीचा तळ बिघडला तर समुद्रात जाळं टाकणाऱ्याला दोन वर्षांनी कळतं, आणि तोपर्यंत तो दुसऱ्यालाच शिव्या देत असतो.

पक्ष्यांचं काय? पक्षी तर आमच्या हतनूरलाही येतात.

येतात ना, आपल्या तापीवरच्या हतनूर धरणाचा जलाशय महत्त्वाच्या पक्षी क्षेत्रांच्या यादीत आहे, हिवाळ्यात तिथं बदकांची गर्दी असते. धरणाचा उथळ, गाळाचा काठ हा खाडीच्या चिखलाचा गोड्या पाण्यातला चुलतभाऊच. शेकाट्या, तुतवार, पाणटिवळे दोन्हीकडं दिसतात. चोचींचं बघा, एकाची आखूड, तो वरचेवर टिपतो, एकाची लांब, तो खोलातली अळी ओढतो, म्हणून एकाच चिखलात भांडण न करता दहा जाती जेवतात. सायबेरियाकडून हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला वाटेत डबा कुठं मिळतो तर अशा ठिकाणी. ठाण्याच्या खाडीतले रोहित (फ्लेमिंगो) तुम्ही टीव्हीवर बघितले असतील, ते चिखलासाठीच येतात, आणि त्या खाडीला २०२२ साली रामसर, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

हवामान बदलाशी काही संबंध?

आहे. बिनहवेच्या चिखलात पालापाचोळा फार हळू कुजतो, त्यातला कार्बन शेकडो वर्षं तिथंच दबून राहतो, वर गाळाचे नवे थर बसत जातात. उकरला की परत हवेत. एवढंच.

मग सगळीकडं खारफुटी लावून टाकावी, झालं!

नाही भो. खारफुटी, म्हणजे तिवर वगैरे झाडं, फार कामाची आहेत, पण ती वरच्या बाजूला, जिथं भरती थोडाच वेळ येते तिथं. त्याच्या खालचा उघडा चिखल ओसाड पडलेली जागा नाही, ते भरलेलं शिवार आहे. तिथं रोपं लावायची म्हणजे उभ्या कपाशीत आंब्याची बाग लावण्यासारखं. रोपं बहुतेक मरतात, आणि जगली तर पक्ष्यांची जेवायची जागा जाते. फोटो मात्र चांगले येतात.

धरणांमुळं गाळ अडला तर खाडीला फरक पडतो का?

पडतो, आणि आपल्या तापीचं उदाहरण समोरच आहे. तापीवरचंच गुजरातेतलं उकाई धरण १९७२ ला झालं, त्याचं पाणी पार आपल्या नंदुरबार जिल्ह्यापर्यंत फुगतं. सुरुवातीला त्याचा एकूण साठा साधारण साडेआठ हजार दशलक्ष घनमीटर होता, नंतरच्या मोजणीत तो साडेसात हजारांच्या आत आला. मधलं हजारभर दशलक्ष घनमीटर गेलं कुठं? तिथं गाळ बसलाय, जो एरवी खाडीत गेला असता. हतनूरचीही तीच गत. पावसाळ्यात ४१ दरवाजे उघडल्याची बातमी आपण दरवर्षी वाचतो, त्या फेसाळ तपकिरी पाण्याचा व्हिडिओ बघतो, पण दरवाज्याच्या मागं काय साचून राहिलं ते व्हिडिओत येत नाही.

इजिप्तमध्ये नाईलवर आस्वानचं मोठं धरण १९७० ला पूर्ण झालं, आणि गाळ बंद झाल्यावर मुखाकडची जमीन समुद्र खायला लागला. कारण साधं आहे, समुद्र रोज थोडं उचलतो आणि नदी रोज थोडं टाकते, नदीनं टाकणं बंद केलं की हिशोब एकाच बाजूला चालतो. गिरणेतून वाळू उपसतात तेव्हा आपण विहिरींचा विचार करतो, तो बरोबरच आहे, पण ती वाळू पुढच्या कोणत्या तरी किनाऱ्याची पण होती.

गोड्या पाण्याचंही तसंच. सुरतेत सिंगणपूरला बंधारा आहे, भरती तिथं अडते. शहराला गोडं पाणी मिळतं, त्यावर बोलायचा मला हक्क नाही, मावशीच्या नळाला तेच येतं. पण खाडीचा जो पट्टा हळूहळू गोड होत जायचा तो तुटला. भडोचजवळ नर्मदेच्या मुखावर भाडभूतचा बंधारा होतोय, तिथल्या मच्छीमारांचं म्हणणं हेच की पावसाळ्यात नदीत वर चढणारा हिलसा मासा आता चढणार कसा.

म्हणजे धरणातला गाळ काढून शेतात टाकतो ते चूक?

अजिबात नाही. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही सरकारी योजना २०१७ ला सुरू झाली आणि पोयटा टाकलेल्या वावरात पीक कसं येतं ते ज्यानं टाकलाय त्याला विचारा. अडलेला गाळ तसाही खाडीत जाणार नव्हता. उलट ज्याला पोयट्याची किंमत कळते त्याला खाडीचा चिखल समजावायला वेळ लागत नाही, माझे आबा पाच मिनिटात समजले, इंजिनियर भाच्याला अर्धा तास लागला.

बंदरासाठी तळ उपसतात, तळ खरवडणारी जाळी ओढतात, चिखलच तर आहे, परत भरेल की?

चिखल भरतो, वस्ती भरायला वेळ लागतो. छोट्या अळ्या काही महिन्यात येतात, पण हळू वाढणारे शिंपले आणि खोल बिळं करणारे जीव यायला वर्षं जातात, आणि दरवर्षी उपसलं तर ते येतच नाहीत. शिवाय मोठ्या जहाजांच्या रंगातला, कारखान्यांच्या पाण्यातला जड धातूंचा अंश चिकण मातीला चिकटून तळात दबलेला असतो. उपसलं की तो परत पाण्यात. जहाजाच्या बुडाला शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून कथिलाचं संयुग असलेला रंग लावायचे, त्यानं गोगलगायीच्या माद्यांना नराचे अवयव फुटायला लागले, ऐकायला खोटं वाटतं पण खरं आहे. शेवटी २००८ पासून जगभर त्या रंगावर बंदी आली. पण गाळात गेलेलं पुष्कळ वर्षं राहतं, चिखल विसरत नाही.

बघायला जायचं तर कुठं, कसं?

सुरतेत कोणी नातेवाईक नाही असा खान्देशी माणूस शोधून सापडायचा नाही, उधना-लिंबायतला आपलं अर्धं गाव आहे, तेव्हा राहायची सोय सांगत नाही. डुमसला जा. तिथली रेती काळी आहे, भुताच्या गोष्टी ऐकायला मिळतील त्या ऐकून घ्या. भरती-ओहोटीच्या वेळा मोबाईलवर आधी बघा, ओहोटीच्या तासभर आधी पोचा आणि पाणी फिरलं की मागं या, कारण सपाट किनाऱ्यावर पाणी आपल्या चालण्यापेक्षा जोरात येतं. चिखलात माझ्यासारखं शिरू नका, काठावरूनच दिसतं. जिथं रेती ओली आणि घट्ट आहे तिथं ज्वारीच्या दाण्याएवढ्या बारीक गोळ्यांची नक्षी दिसेल, मध्ये एक भोक. तो छोट्या खेकड्याचा धंदा आहे, रेतीतलं खाण्यासारखं तेवढं चोखून उरलेल्याची गोळी करून टाकतो. सावली पडली की आत पळतो. दोन मिनिटं न हलता उभं राहा, पोरांनाही उभं करा, बाहेर येतो तो.